गिटारवरून बास गिटारकडे वळताना सराव कसा आखावा?

सहावी_तार

नमस्कार. मी अनेक वर्षे हौसेने गिटार वाजवत आलो आहे. मोकळ्या तारांचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वरसमूह), साधे स्ट्रमिंग आणि बोटांनी तारा छेडण्याचे काही प्रकार मला जमतात. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत भावगीते, भक्तिगीते आणि जुनी चित्रपटगीते सादर करणारा छोटा वाद्यवृंद आहे. त्यातले बासवादक नोकरीनिमित्त परगावी गेले आणि त्यांची जागा मी घ्यावी असे सर्वांनी ठरवले. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाला अजून साधारण पाच महिने आहेत. चार तारांची, ३४ इंच स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) बास गिटार मी विकत घेतली असून रोज संध्याकाळी एक तास सराव करतो.

अडचणी चार आहेत. पहिल्या चार फ्रेटमध्ये (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमध्ये) डाव्या हाताची बोटे फार ताणली जातात आणि थोड्याच वेळात अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. दुसरे असे की, फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकले की वादन गढूळ वाटते; स्वर चुकलेले नसतात, पण ते एकमेकांवर चढतात आणि न छेडलेल्या ताराही मागे घुमत राहतात. तिसरी अडचण तालाची आहे. ड्रमसेट असलेल्या गाण्यात किक ड्रमला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) धरून चालता येते, पण कहरवा किंवा दादरा सुरू झाला की बासने कशाला धरावे हे मला उमगत नाही. आणि शेवटची अडचण वेळेची: गिटारही सोडवत नाही, कारण एफचा बार कॉर्ड (तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा दाबायचा प्रकार) अजूनही स्वच्छ वाजत नाही. एका तासात हे सगळे कसे बसवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मंद्र

तुमच्या चार अडचणींपैकी दुसरी मी सर्वांत आधी घेतो, कारण माझ्या मते बासच्या सरावाचा मोठा भाग तिलाच दिला पाहिजे. गिटार वाजवणाऱ्याचे सारे लक्ष स्वर सुरू करण्याकडे असते. कॉर्डमधल्या तारा एकमेकींत मिसळाव्यात अशीच तिथे अपेक्षा असते आणि स्वर बऱ्यापैकी लवकर विरतोही, त्यामुळे तो नेमका कुठे थांबवायचा हा विचार करण्याची वेळ क्वचितच येते. बासची जाड तार मात्र छेडून सोडून दिली तर कितीतरी सेकंद घुमत राहते. गिटारच्या मोकळ्या सहाव्या तारेची कंपनसंख्या सुमारे ८२ हर्ट्झ असते आणि बासच्या मोकळ्या ई तारेची (बासच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा असतात) तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ. इतक्या खर्जात दोन स्वर एकमेकांवर चढले की ते वेगळे ऐकू येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. तुमच्या ध्वनिमुद्रणात जे गढूळ वाटते आहे ते बहुधा हेच आहे.

न छेडलेल्या तारा घुमण्याचे कारणही सरळ आहे. ई तारेवर पाचव्या फ्रेटला जो स्वर वाजतो तोच मोकळ्या ए तारेचा स्वर आहे, दोन्ही ५५ हर्ट्झचे. त्यामुळे ई तार तिथे छेडली की ए तार स्पर्श न होताही थरथरू लागते. यावर उपाय एकच: जी तार वाजत नाही तिच्यावर दोन्हींपैकी कोणत्या तरी हाताचा काही भाग नेहमी टेकलेला असला पाहिजे.

उजव्या हाताकडून सुरुवात करू या. तर्जनी आणि मधले बोट आळीपाळीने वापरावे, आणि छेडलेले बोट हवेत न उचलता शेजारच्या जाड तारेवर जाऊन विसावू द्यावे. डी तार छेडली की बोट ए तारेवर थांबते आणि ए तार आपोआप शांत होते. अंगठाही एका जागी खिळवून ठेवू नये. ई तार वाजवताना तो पिकअपवर (तारांखालच्या ध्वनिग्राहकावर) टेकवावा, ए तार वाजवताना ई तारेवर आणि डी किंवा जी वाजवताना ए तारेवर सरकवावा. डी आणि जी वाजवताना अंगठ्याची कड ई तारेलाही चिकटून राहील एवढे पाहावे. सुरुवातीला अंगठ्याचे हे सरकणे फार सावकाश आणि मुद्दाम करावे लागते, परंतु काही आठवड्यांत ते विचाराशिवाय होऊ लागते. बारीक तारेकडून जाड तारेकडे येताना आळीपाळीचा नियम मोडून त्याच बोटाने खाली घसरत आलेले चालते, कारण ते बोट आधीच पुढच्या तारेवर विसावलेले असते.

बारीक तारा शांत ठेवण्याचे काम डाव्या हाताचे. ज्या बोटाने स्वर दाबला आहे ते किंचित आडवे ठेवले की त्याचा खालचा भाग पुढच्या बारीक तारांवर हलकेच पडतो. गिटार वाजवणाऱ्यांना बोट अगदी टोकावर, उभे ठेवण्याची सवय लागलेली असते, कारण शेजारची तार वाजायला हवी असते. बासवर हीच सवय मोडावी लागते, आणि तुम्हाला सर्वाधिक वेळ इथेच लागेल असा माझा अंदाज आहे.

आता स्वर थांबवण्याचा सराव. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे साधन) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवावा. ए तारेवर पाचव्या फ्रेटला एकच स्वर धरून प्रत्येक ठोक्याला तो छेडावा आणि पुढचा ठोका पडेपर्यंत पूर्ण लांबीने वाजू द्यावा. मग तोच स्वर दोन ठोक्यांच्या बरोबर मध्यावर थांबवावा. थांबवताना डावे बोट तारेवरून उचलू नये, फक्त दाब काढून घ्यावा, म्हणजे तार फ्रेटपासून सुटते पण बोटाखालीच राहते. नंतर स्वर पाव ठोक्यातच थांबवून पाहावा. हे तिन्ही प्रकार ध्वनिमुद्रित करून ऐकावे. स्वर ठोक्यावर सुरू होतो की नाही हे आपण नेहमीच तपासतो, पण ऐकताना कान मुद्दाम स्वराच्या शेवटावर ठेवावा. तो शेवट दर वेळी एकाच जागी पडू लागला, की तुमच्या वाद्यवृंदातल्या लोकांना काय बदलले ते सांगता येणार नाही, पण गाणे घट्ट झाल्याचे जाणवेल.

हे बसल्यावर मेट्रोनोम ४० वर आणावा आणि त्याचे ठोके चारच्या आवर्तनातले दुसरा आणि चौथा आहेत असे मानावे. प्रत्यक्ष लय ८० ची होते, पण पहिली आणि तिसरी मात्रा तुम्हाला स्वतः सांभाळावी लागते. बासवादकाने लय बाहेरून घ्यायची नसून द्यायची असते, म्हणून हा सराव मला फार मोलाचा वाटतो.

वेळेबद्दल माझे मत जरा कठोर आहे. पहिले दोन महिने गिटार पेटीत ठेवावी. दोन्ही वाद्ये रोज हातात घेतली तर बोट उभे ठेवायचे की आडवे हा गोंधळ हातात कायम राहतो.

सहा_आणि_चार

मी कोल्हापुरात गिटार आणि बास दोन्ही शिकवते. मंद्र यांनी तारा शांत ठेवण्याबद्दल जे लिहिले आहे त्यात मला काहीही बदल सुचवायचा नाही. गिटार पेटीत ठेवण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे, ते पुढे मांडते. आधी हाताच्या दुखण्याबद्दल, कारण ते असेच चालू राहिले तर बाकीचा सराव अडकेल.

दोन वाद्यांमधले अंतर मोजून पाहावे. २५.५ इंची गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर जवळपास ९.७ सेंटिमीटर असते. तुमच्या ३४ इंची बासवर तेच १३ सेंटिमीटर भरते. गिटारवरची ‘एका फ्रेटला एक बोट’ ही पद्धत बासच्या पहिल्या फ्रेटपासून वापरायचा आग्रह धरला तर बहुतेकांचे हात दुखतात, आणि तुम्हाला होणारा त्रास मला तोच वाटतो. डबल बास वाजवणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले आहे. १९ व्या शतकात व्हिएन्नात शिकवणारे फ्रान्झ सिमांडल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तर्जनी पहिल्या फ्रेटवर, मधले बोट दुसऱ्यावर आणि अनामिका व करंगळी दोन्ही मिळून तिसऱ्यावर असतात. चौथा फ्रेट हवा असेल तर बोट न ताणता सगळा हात सरकवायचा. करंगळीला अनामिकेची साथ मिळते, त्यामुळे जोरही कमी लागतो. पाचव्या फ्रेटच्या पुढे गेले की अंतरे आपोआप लहान होतात. पाचव्यापासून आठव्यापर्यंतचे अंतर १०.३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या गिटारच्या सुरुवातीच्या फ्रेटइतकेच जवळजवळ. तिथे एका फ्रेटला एक बोट ही पद्धत खुशाल वापरावी. म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिले काही आठवडे पाचव्या फ्रेटच्या पुढेच वाजवायला लावते आणि मग हळूहळू खाली आणते.

अंगठ्याच्या मुळाशी दुखते याचा अर्थ तुम्ही दांडी चिमटीत दाबत आहात. अंगठा मधल्या बोटाच्या साधारण समोर, सैल असावा, आणि तार दाबण्याचा जोर हाताच्या वजनातून यावा. पट्टा असा बांधावा की बसल्यावर आणि उभे राहिल्यावर वाद्य एकाच उंचीवर राहील. वाद्य खाली लोंबकळू दिले की मनगट वाकते आणि त्रास वाढतो. स्वर फ्रेटच्या अगदी मागे दाबला तर कमी जोर पुरतो. एवढे करूनही दुखणे थांबले नाही, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा जाणवला, तर सराव थांबवून डॉक्टरांना हात दाखवावा. दुखण्यावर मात करून सराव करण्यात कोणताही पराक्रम नाही.

आता गिटारबद्दल. तुम्हाला कॉर्डची जी ओळख आहे ती बासवर थेट उपयोगी पडते, आणि म्हणून गिटार पूर्ण बंद करू नये असे मला वाटते. बासच्या चारही तारा गिटारच्या शेवटच्या चार जाड तारांच्याच स्वरांत, एक सप्तक खाली लावलेल्या असतात, त्यामुळे स्वरांच्या जागा तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. शिवाय गिटारवर तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत जे वेगळे अंतर असते ते बासवर नाही. सर्व तारांमध्ये पाच फ्रेटचे सारखे अंतर असल्यामुळे एक आकृती बसली की ती कुठेही जशीच्या तशी नेता येते. रोज दहा मिनिटे सी, ए मायनर, एफ, जी ही ओळ आधी गिटारवर वाजवावी आणि लगेच बास घेऊन प्रत्येक कॉर्डचे तीन स्वर सुटे सुटे वाजवावे. सी साठी ए तारेचा तिसरा फ्रेट, डी तारेचा दुसरा आणि डी तारेचाच पाचवा. ए मायनरसाठी ई तारेचा पाचवा, ए तारेचा तिसरा आणि सातवा. हे सहज होऊ लागले की एका कॉर्डवरून दुसऱ्याकडे नेणारा स्वर मध्ये घालून पाहावा: सी वरून ए कडे उतरताना बी, एफ वरून जी कडे चढताना एफ शार्प. मी ज्यांना शिकवते त्यांच्यापैकी गिटारवरून आलेले विद्यार्थी ही पायरी फार लवकर चढतात.

एफच्या बार कॉर्डचे पाहू. तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असतात हा समज बहुतेकांचा असतो. त्या कॉर्डमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार बाकीच्या बोटांनी दाबलेली असते. तर्जनीला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीनच तारा सांभाळायच्या असतात. तर्जनी किंचित वळवून तिची अंगठ्याकडची हाडाळ कड तारांवर आणावी आणि कोपर शरीराजवळ घेऊन हाताच्या वजनाने ओढ द्यावी. आधी हाच आकार पाचव्या फ्रेटवर स्वच्छ करावा आणि मग एकेक फ्रेट खाली यावे. पहिल्या फ्रेटवर नटजवळ (दांडीच्या टोकाकडच्या, तारा टेकतात त्या पट्टीजवळ) तारा सर्वांत ताठ लागतात, त्यामुळे तिथूनच सुरुवात केली तर उगाच निराशा येते.

तासाची विभागणी करताना शक्य असेल तर त्याचे दोन तुकडे करावेत, सकाळी वीस मिनिटे आणि संध्याकाळी चाळीस. सकाळी मंद्र यांनी सांगितलेला स्वर थांबवण्याचा सराव, संध्याकाळी आधी कॉर्डचे स्वर, मग वाद्यवृंदातली गाणी आणि शेवटी थोडी गिटार. गाणे वाजवताना जिथे अडते तेवढ्याच दोन आवर्तनांवर थांबून, लय निम्मी करून ते सोडवावे. सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा वाजवल्याने सोपा भाग पक्का होतो आणि अवघड भाग अवघडच राहतो. आणखी एक: शिस्तबद्ध चौकट हवी असेल तर ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षांत बासचा अभ्यासक्रम गिटारपासून स्वतंत्र आहे आणि त्या परीक्षा भारतातही देता येतात.

कहरवा

मी तबला शिकलो आणि नंतर बासकडे आलो, म्हणून तिसऱ्या अडचणीवर लिहितो. ड्रमसेटच्या गाण्यात तुम्ही किकला धरता. तबल्याच्या गाण्यात डग्ग्याला, म्हणजे डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याला, धरावे. तबल्याचे बोल तुम्हाला वाजवता आले नाहीत तरी तोंडाने म्हणता आलेच पाहिजेत, इतके हे महत्त्वाचे आहे.

कहरव्याचा ठेका घ्या: धा गे ना ति । न क धि न. यात डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला घुमतो. पाचव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची मात्रा, असते आणि तिथे खर्ज रिकामा असतो. बासने पहिल्या मात्रेला कॉर्डचा मूळ स्वर घ्यावा, तिसरी मात्रा संपेपर्यंत धरावा आणि तिथे थांबवावा. चौथी, पाचवी, सहावी मात्रा मोकळी सोडावी. सातव्या मात्रेला पंचम घ्यावा आणि आठवीवरून पुन्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यावे. खालीची जागा रिकामी राहिली की गायकाचे शब्द मोकळेपणाने ऐकू येतात, आणि समेवर बास परत आली की ठेक्याला वजन येते. गिटार वाजवणाऱ्याला ती मोकळी जागा भरून टाकण्याचा मोह होतो. भावगीतात तो आवरावा. तबलजी डग्ग्यावर घिस्सा देऊन स्वर वरखाली ओढत असतील तेव्हा तर बासचे स्वर आणखी आखूड करावेत, कारण दोघेही त्याच खर्जात असतात.

दादऱ्यात, धा धी ना । धा ती ना, डग्गा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला असतो. मूळ स्वर पहिलीला आणि पंचम चौथीला एवढे पुष्कळ होते. रूपकाची गंमत वेगळी आहे. ती ती ना । धी ना । धी ना, यात समेवरच खाली असते आणि डग्गा चौथ्या व सहाव्या मात्रेला येतो. म्हणजे समेचा सगळा खर्ज बासच्या वाट्याला येतो. तिथे स्वर पूर्ण तीन मात्रा भरून वाजवावा आणि पुढच्या दोन्ही धींना फक्त स्पर्श करावा. सराव असा करावा: मेट्रोनोम लावून आधी हाताने टाळी देत ठेका म्हणावा, मग ठेका म्हणतच एका स्वरावर बास वाजवावी, आणि शेवटी म्हणणे मनातल्या मनात चालू ठेवून वाजवावे. तोंड आणि हात एकत्र चालत नसतील तोवर कॉर्ड बदलू नयेत.

स्वरांबद्दलही एक सावधगिरी. सहा_आणि_चार यांनी सुचवलेले जोडस्वर चित्रपटगीतांत शोभतात, पण रागावर बांधलेल्या गीतात ते तपासून घ्यावे लागतात. गीत भूप रागात असेल तर त्यात मध्यम आणि निषाद नाहीत. पांढरी एकमध्ये, म्हणजे सी हा षड्ज धरून, गात असतील तर एफ आणि बी हे ते दोन स्वर. समेकडे येताना बी घेतला तर बासच्या दृष्टीने ते अगदी नैसर्गिक वाटते, पण रागाचा रंग उतरतो. तिथे धैवतावरून किंवा रिषभावरून, म्हणजे ए किंवा डी वरून, षड्जावर यावे. हे बारकावे हार्मोनियम वाजवणाऱ्या साथीदाराबरोबर आधी बसून ठरवून घ्यावेत.

आणि पट्टीचे पाहा. तुमचे गायक बहुधा काळी एक, काळी चार, काळी पाच अशा (हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांवरून ओळखल्या जाणाऱ्या) पट्ट्यांत गात असतील. गिटारवर तुम्ही कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून हे निभावत असणार. बासवर कॅपो लावत नाहीत. काळी एक म्हणजे सी शार्प. या पट्टीत सात शुद्ध स्वरांपैकी एकही बासच्या मोकळ्या तारेवर येत नाही. मोकळी ई तार कोमल गंधार होते, ए तार कोमल धैवत, डी तार कोमल रिषभ आणि जी तार तीव्र मध्यम. चुकून घुमलेली कोणतीही तार सुराबाहेरची ठरते, त्यामुळे मंद्र यांनी सांगितलेली तारा शांत ठेवण्याची तालीम आपल्या संगीतात दुप्पट महत्त्वाची आहे. सगळ्या आकृत्या मोकळ्या तारेविना, ए तारेच्या चौथ्या फ्रेटपासून काळी एकमध्ये आणि ई तारेच्या चौथ्या फ्रेटपासून काळी चारमध्ये बसवाव्यात.

सहावी_तार

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या मुख्य गायिका काळी चारमध्ये आणि गायक काळी एकमध्येच गातात, त्यामुळे कहरवा यांचे शेवटचे दोन परिच्छेद माझ्यासाठीच लिहिल्यासारखे वाटले. अंगठा सरकवण्याचा सराव सुरू केला आहे आणि तिसऱ्या फ्रेटवर अनामिका व करंगळी एकत्र ठेवल्याने ताण खरोखर कमी झाला आहे. दोन प्रश्न उरले आहेत. बोटांऐवजी पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवले तर चालेल का? आणि फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी बास अॅम्पला (ध्वनिवर्धकाला) न जोडता सराव करतो. त्याने काही बिघडते का?

मंद्र

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचा संबंध तुमच्या गढूळ आवाजाशीही आहे. न जोडलेल्या बासचा आवाज इतका बारीक येतो की तो ऐकू यावा म्हणून हात नकळत जोरात छेडू लागतो. जोरात छेडलेली तार फ्रेटवर आपटते, तिचा स्वर क्षणभर चढा लागतो आणि हातही लवकर थकतो. शिवाय घुमणाऱ्या ताराही न जोडलेल्या वाद्यावर पुरेशा ऐकू येत नाहीत, म्हणजे ज्याच्यासाठी सराव करायचा तेच कानापर्यंत पोहोचत नाही. हेडफोनला जोडता येईल असा छोटा अॅम्प मिळतो, तो घ्यावा. आवाज मोठा ठेवावा आणि हात हलका. घरातल्या गिटार अॅम्पवर बास अगदी हळू आवाजात वाजवायला हरकत नाही, पण कार्यक्रमात त्याच अॅम्पवर मोठ्या आवाजात वाजवू नये, त्याचा स्पीकर खर्जाच्या जोराने खराब होऊ शकतो.

पिकबद्दल मनात कोणताही न्यूनगंड ठेवू नये. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये असंख्य ध्वनिमुद्रणांत बास वाजवणाऱ्या कॅरल के मूळच्या गिटारवादक होत्या आणि बास पिकनेच वाजवत. दुसऱ्या टोकाला डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने वाजवत, आणि तरीही त्यांच्या स्वरांची लांबी, त्यांचे थांबणे आजही अभ्यासले जाते. पिक वापरली तर तारा शांत करण्याचे काम उजव्या तळहाताच्या कडेने, पुलाजवळ (वाद्याच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांवर हात टेकवून करावे लागते. तबल्याच्या गाण्यांत मला बोटांचा गोल आवाज जास्त आवडतो. वेगवान चित्रपटगीतांत पिकचा ठसठशीत आवाज खुलतो. तुम्ही आधी बोटांची पद्धत बसवावी, कारण तारा शांत ठेवण्याचे शिक्षण तिच्यातून पुरे मिळते.

गिटारच्या बाबतीत सहा_आणि_चार यांचे म्हणणे मला पटले. कॉर्ड गिटारवर वाजवून लगेच त्याचे स्वर बासवर काढायचे, या प्रकारे दोन्ही वाद्ये हातात घेतली तर गोंधळाऐवजी फायदा होईल. फक्त बास हातात घेतल्यावर पहिली काही मिनिटे तारा शांत ठेवण्याला द्यावीत.

रत्नागिरी_किनारा

सरावाबद्दल वर सविस्तर आले आहेच, मी फक्त वाद्याच्या जुळणीबद्दल लिहितो, कारण तुमचा कार्यक्रम पावसाळ्याच्या शेवटी आहे. हवेतला दमटपणा वाढला की लाकूड फुगते, दांडीचा बाक बदलतो आणि तारांची उंची वाढते. एप्रिलमध्ये मऊ लागणारी बास ऑगस्टमध्ये कडक लागू शकते आणि दोष आपल्याच बोटांत आहे असे वाटत राहते. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातले अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवावे. ई तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. त्यापेक्षा बरेच वाढले तर जाणकार माणसाकडून दांडीतली सळई आणि पुलाचे स्क्रू जुळवून घ्यावेत. ती सळई स्वतः जोर लावून फिरवू नये. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने, खालच्या बाजूनेही, पुसाव्यात आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. आमच्याकडे कोकणात एवढे केले नाही तर तारा एका पावसाळ्यातच गंजतात. तारा बदलायच्या असतील तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलू नका. नव्या तारा ताणल्या जाऊन सुरात स्थिर व्हायला काही दिवस लागतात आणि त्यांचा सुरुवातीचा कर्कशपणा तबल्याबरोबर खटकतो, म्हणून किमान आठवडाभर आधी त्या चढवून रोज वाजवाव्यात.